घंटीतला कापूस

“मनसारामभाऊ, माह्यं मूळ झालं का नाई गा? का झाड उगवाची वाट पाह्यतं?”

भैयाजी आपल्या टेबलावरूनच ओरडला आणि अख्खी खोली हसली. हा त्याचा रोजचा विनोद होता आणि आम्ही रोज हसायचो. कोपऱ्यातल्या टेबलामागं बसलेल्या मनसारामनं मान वर न करता नुसता हात हलवला. त्याच्यासमोर आम्ही तिघं-चौघं चिठ्ठ्या घेऊन उभे होतो.

“थांब रे बाप्पा. घंटी नाई वाजली अजून. एवढी घाई असंल त इकडं ये अन् तूच फिरव.”

“तुह्या चक्कीले हात लावाची हिंमत कोनाची हाय!”

तेवढ्यात घंटी वाजली. मनसारामनं चक्कीचा दांडा एक फेरा उलटा फिरवला, तोंडातल्या तोंडात म्हणाला, “घंटी वाजली का एक मांगं ये, बाप्पा,” आणि माझ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. वर माझ्या तळहातावर तेंदूच्या झाडाची दोन पिकली टेंभरं ठेवली.

“खाय वो माय. सकाळीच आनली. तुह्या मुखरूचा ताप उतरला का?”

मुखरू माझा धाकटा भाऊ. त्याला हिवताप होता. शेजारीपाजारीही त्याची करत नव्हते एवढी विचारपूस हा माणूस करायचा.

हे सगळं चांद्याचं. आता चंद्रपूर म्हणतात, तेव्हा चांदाच होतं. साल सत्तावन्न. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारच्या गळ्यात पडले. कोणता तलाव केवढा, कुणाच्या बांधाची पाळ किती लांब, काही पत्ता नाही. म्हणून मोजणी निघाली. जरीब, ती मोजणीची साखळी, घेऊन माणसं तलावांवर फिरायची आणि मोजून आणलेले आकडे आमच्या कवेलूच्या छपराच्या खोलीत येऊन पडायचे. आम्ही गणक. आता कॉम्प्युटर म्हटलं की यंत्र डोळ्यांपुढं येतं. आमच्या नेमणुकीच्या कागदावर इंग्रजीत तोच शब्द होता, आणि तो दुपारी डबा खायचा, शिंकायचा, रजा मागायचा.

काम सरळ होतं. तलावाचा नकाशा त्रिकोणांत तोडायचा. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू माहीत असल्या की त्याचं क्षेत्रफळ निघतं, फक्त शेवटी वर्गमूळ काढावं लागतं. गुणाकार-भागाकार आम्ही हातानं फिरवायच्या यंत्रावर करायचो. त्या यंत्राला आम्ही चक्की म्हणायचो, कारण दळणच होतं ते. पण मूळ काढायचं झालं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. त्यासाठी पूर्वी कोष्टकांचं एक पुस्तक होतं, त्याची मधली पानं वाळवीनं खाल्ली. नवं पुस्तक कुणी मागवलं नाही, कारण तोवर मनसाराम होता. हिशेबाच्या कागदावर त्या पायरीपाशी नुसतं लिहिलेलं असायचं, ‘मूळ – मनसाराम’. ते आलं की उठायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि कोपऱ्यात जायचं.

मनसाराम फार हुशार होता असं कुणी समजू नका. गुणाकारात तो हमखास चुकायचा. हातचा विसरायचा. दुसरं काही जमेना म्हणून जुन्या साहेबानं त्याला मुळांवर बसवलं होतं, आणि तिथं तो चिकटला. वैनगंगेच्या काठचा, मार्कंड्याजवळच्या गावचा, मासे धरणाऱ्या घरातला. लहानपणी एक पाय डोंग्याखाली, लाकडी होडीखाली, सापडलेला, त्यामुळं लंगडायचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. चांद्यात एक खोली घेऊन राहायचा. संध्याकाळी खोलीवर गेला की सकाळपर्यंत त्याच्याशी बोलायला कुणी नसे. त्याचं सगळं गणगोत म्हणजे चिठ्ठी घेऊन उभे राहणारे आम्ही.

आता ही गोष्ट निघाली ती माझ्या नातीमुळं. कुंता तिचं नाव. माझ्या सासूचं नाव ठेवल्याबद्दल तिनं आम्हाला अजून माफ केलेलं नाही. ती हैदराबादला लिस्प नावाच्या कसल्याशा संगणकभाषेच्या कंपायलरवर काम करते. परवा बल्लारशाला उतरून घरी आली. मी विचारलं, बाई गं, तू दिवसभर करतेस तरी काय?

“आजी, माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल असा करून देतो तो कंपायलर. आता समज, एक छोटं काम आहे. त्याला नाव दिलंय. मोठ्या कामात जिथं जिथं ते लागेल तिथं फक्त नाव घ्यायचं. यंत्र तिकडं जातं, ते काम करतं, उत्तर घेऊन परत येतं. पण जाण्यायेण्यात वेळ जातो. म्हणून कंपायलर कधीकधी ते छोटं काम उचलून जिथल्या तिथं लिहून टाकतो. जाणं नको, येणं नको. पण सगळीकडंच लिहीत सुटला तर मोठं काम फुगतं. मग कुठं लिहायचं आणि कुठं नुसतं बोलावून घ्यायचं, यावर ताबा ठेवायचा. ते माझं काम.”

“आणि सगळीकडं लिहून झालं, मग त्या पहिल्या बिचाऱ्याचं काय करता?”

“त्याला कुणी बोलावतच नसेल, तर काढून टाकतो,” ती चहात बिस्कीट बुडवत म्हणाली.

माझं डोकं असं फिरलं! काढून टाकतो म्हणे, आणि वर बिस्कीट खाते.

“ठेव ते बिस्कीट खाली,” मी म्हटलं. “तू ज्याला काढून टाकतेस ना, त्याच्या हातची टेंभरं खाल्लीत मी.”

मग मी तिला सगळं सांगितलं, ते असं.

त्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीत गुणवंतराव साहेब आले. वर्ध्याकडचे, नागपूरला इंजिनिअरी शिकून नुकतेच बाहेर पडलेले. माणूस सालस. कुणाला अरेतुरे करायचे नाहीत. पण त्यांच्या डोक्यावर पावसाळा बसलेला होता. पाऊस लागायच्या आत हिशेब वर गेले नाहीत, तर फुटक्या पाळींची दुरुस्ती वर्षभर लांबली असती, आणि फुटलेल्या पाळीखालचं धान म्हणजे देवाच्या भरवशावर. साहेबांनी एक अख्खा दिवस दारात उभं राहून आम्हाला पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, “तुम्ही उठता, जाता, रांगेत उभे राहता, गप्पा मारता, परत येता. अन् परत आल्यावर एकमेकांना विचारता, मी कुठं होतो गा? अर्धा दिवस यातच जातो.”

खोटं काय त्यात? परत आल्यावर कागदावर आपली ओळ सापडायला मला नेहमीच वेळ लागायचा.

मग ते कोपऱ्यात गेले. “मनसारामजी, तुमची रीत सगळ्यांना शिकवा. मी ती हिशेबाच्या कागदावरच छापून घेतो. ज्याचं मूळ त्यानं आपल्या जागेवर काढावं.”

“मंग मी काय करू, साहेब?”

“ते बघू,” साहेब म्हणाले, आणि म्हणताना ते खिडकीकडं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मनसारामनं आम्हाला शिकवलं. हातचं राखून काही नाही. भैयाजीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, एखादी खोच ठेव लेका तुझ्यापाशी, पुढं कामी येईल. त्यावर मनसाराम म्हणाला, “जाळं कसं टाकाचं थे सांगतलं म्हनून नदी आटत नाई.” रीत तशी सोपी होती. आकड्यातून एक वजा करायचा, मग तीन, मग पाच, मग सात, असं विषम आकड्यांनी उतरत जायचं. जितक्या वेळा वजा झालं तितकं मूळ. नऊ घेतले तर एक, तीन, पाच, की संपलं, म्हणून तीन. गंमत पुढं आहे. संपलंय हे चक्की फिरवणाऱ्याला कसं कळणार? तो तंद्रीत आणखी एक फेरा मारतोच. मग चक्कीत वजा करायला काही उरत नाही आणि ती घंटी वाजवते. घंटी वाजली की एक फेरा उलटा. मग मुळाच्या पुढच्या आकड्यासाठी चक्कीच्या पुढच्या घरात सरकायचं.

“घंटी वाजली का एक मांगं ये, बाप्पा,” मनसाराम प्रत्येकाच्या कानाशी म्हणायचा. “चूक नाई थे. पुढं गेल्याबगर कळत नाई.”

छापील कागद आले. लांबलचक. पूर्वी जिथं ‘मूळ – मनसाराम’ एवढंच असायचं, तिथं आता मूळ काढायच्या सगळ्या पायऱ्यांची रिकामी घरं होती, आणि तीही दर त्रिकोणापाशी. आम्ही आपापल्या जागेवर मुळं काढू लागलो. काम पळायला लागलं. साहेब खूश झाले.

आणि कोपरा गप्प झाला.

मनसाराम वेळेवर यायचा. चक्की पुसायचा. टेंभरांची पुडी उघडून टेबलावर ठेवायचा, आणि बसून राहायचा. मग बाबुलाल चपराशाला हाक मारून पाणी मागवायचा. थोड्या वेळानं पुन्हा पाणी. बाबुलाल वैतागून मला म्हणाला, “बाई, या मानसाचं पोट हाय का मालगुजारी तलाव?” पाणी त्याला नको होतं हो. पाणी आणून देताना बाबुलाल दोन शब्द बोलायचा, ते हवे होते. टेंभरं पुडीतच सुकायची. मला मेलीला मान वर करून तिकडं पाहवेना.

आधी भैयाजीच उठला. चिठ्ठी घेऊन कोपऱ्यात गेला आणि मोठ्यानं म्हणाला, “भाऊ, मले नाई जमून राह्यलं बुवा. तूच काढून दे.”

मनसारामचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “आरं, आन इकडं! पयलेच काऊन नाई आला?”

झालं. भैयाजी गेला म्हणून मी गेले, मी गेले म्हणून सगळे जाऊ लागले. पण कागदावरची ती छापील घरं रिकामी ठेवायची सोय नव्हती. साहेब रोज संध्याकाळी पायरीन् पायरी तपासायचे. म्हणजे आधी आपल्या जागेवर मूळ काढायचं, घरं भरायची, आणि मग तोच आकडा चिठ्ठीवर लिहून मनसारामकडं न्यायचा. यात एकच अडचण होती. आपल्या चक्कीची घंटी. घंटी वाजली की मनसारामला कळणार की हिनं मूळ काढलंय, मग ही चिठ्ठी कशाला?

“कापूस घाला,” भैयाजी म्हणाला.

“कुठं?”

“घंटीत.”

कापूस आणला कुठून, तर साहेबांच्या खुर्चीच्या उशीतून. साहेब जेवायला गेले की भैयाजी उशीची शिवण उसवायचा. आमच्या प्रत्येक चक्कीच्या मागं हात घालून त्यानं घंटीत बोळा बसवला. एवढी अक्कल हिशेबात लावली असती तर हेडक्लार्क झाला असता.

आता घंटी नसली की काय होतं, ते ऐका. तुम्ही पुढं गेलात हे सांगणारं कुणी राहत नाही. फिरवत बसायचं, आणि मग कधीतरी चक्कीच्या खिडकीत नऊच नऊ उभे दिसले की कळायचं, अगं बाई, आपण कधीच्या हद्दीपार! मग मोजून उलटं या. त्यात चूक झाली की पहिल्यापासून. वर मनसारामकडची फेरी वेगळीच. दुप्पट काम होऊन बसलं. म्हणून चिठ्ठी त्याच्या टेबलावर टाकायची आणि पळत जागेवर यायचं. टेंभरं घ्यायलाही कुणी थांबत नव्हतं. मनसाराम काही विचारायला तोंड उघडायचा, तोवर आमची पाठ झालेली असायची.

एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं. खुर्चीत अस्वस्थपणे इकडं तिकडं सरकत होते, उशी पार पोळीसारखी झाली होती.

“गिरजाबाई, तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारतो. काम पहिल्यापेक्षा हळू कसं झालं?”

मी पदराच्या टोकाला पीळ घालत उभी राहिले.

“मला वाटतं, सवय जात नाही तुमची,” साहेबच म्हणाले. “रीत येते, तरी मनसारामजींकडं जाता. वरून विचारणा झाली आहे. सिरोंच्याच्या कॅम्पात एक माणूस पाहिजे, त्यांना तिकडं पाठवतो. टेबलच उठलं तर तुम्ही जाल कुठं?”

सिरोंचा म्हणजे तेव्हा दुसरा मुलूख. पावसाळ्यात नद्या आल्या की वाट बंद. बाजारात तेलुगू चालायची. एवढ्याशा गप्पांवर जगणारा आमचा लंगडा माणूस तिथं कुणाशी बोलणार होता? आणि हे कुणामुळं, तर आमच्या मायेमुळं. चिठ्ठ्या नेल्या तर सिरोंचा. चिठ्ठ्या थांबवल्या तर त्याच्या टेबलाची गरजच उरत नाही, मग साहेब त्याला इथं ठेवणार कशाला? इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारी व्हरांड्यात भैयाजीला हे सांगितलं. त्याला विनोद सुचला नाही. आम्ही दोघं आत आलो, तर मनसाराम माझ्या टेबलापाशी उभा. तो कधी जागेवरून उठायचा नाही, म्हणून सगळी खोली त्याच्याकडं पाहत होती.

“गिरजाबाई,” तो म्हणाला. एरवी मी त्याची ‘माय’ होते. “चार-पाच रोज झाले, सगळ्यायच्या चक्क्या फिरून राह्यल्या अन् घंटी एकीची आयकू नाई येत. माह्या चक्कीची तेवढी येते. मले वाटलं, कान गेले माहे. बैदाकडं गेलो. रोज रात्री कानात तेल घालून निजून राह्यलो.”

त्यानं चक्कीच्या मागं बोट घातलं आणि कापसाचा बोळा ओढून काढला. तळहातावर ठेवून मला दाखवला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

“भाऊ, तुमाले वाईट वाटू नये म्हनून...” भैयाजी बोलू लागला.

“मी काय मार्कंड्याच्या जत्रंतला भिकारी हाव?” मनसारामचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. “येता-जाता चिठ्ठी टाकता माह्या पुढ्यात अन् पळता? एखादी पाई तरी टाका मंग, आसिरवाद देतो!”

मनसाराम लंगडत लंगडत एकेका टेबलापाशी गेला, एकेका घंटीतला कापूस काढला, सगळा सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि टोपी घालून निघून गेला. त्याची पुडी टेबलावर तशीच उघडी राहिली.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी कचेरीत आले, तर कोपऱ्यातलं टेबल रिकामं. मग आवाज आला, “फिरव.” पाहते तर मनसाराम आपला स्टूल घेऊन भैयाजीच्या शेजारी बसलेला.

भैयाजी निमूट चक्की फिरवत होता. घंटी वाजली.

“अन् आता?”

“एक मांगं ये, बाप्पा,” भैयाजी शाळकरी पोरासारखा म्हणाला.

“हां. आता पुढच्या घरात सरक. घाई करू नोको.”

एवढी वर्षं आम्ही त्याच्याकडं जात होतो. आता तो पाय ओढत आमच्याकडं आला. भैयाजीचं झालं की स्टूल उचलून पुढच्याकडं, तिथून त्याच्या पुढच्याकडं. दुपारच्या सुमाराला माझ्यापाशी आला. मी दांडा फिरवायला लागले, पण डोळ्यांतल्या पाण्यानं मला आकडेच दिसेनात.

“भाऊ, तुमाले सिरोंच्याले पाठवून राह्यले.”

“मालूम हाय. बाबुलालनं सांगतलं.”

“मंग हे काऊन शिकवून राह्यले? आमाले येते सगळं.”

“येते, पन घंटीबगर करून करून हात बिघडला तुमचा. झटका देता.” त्यानं माझं मनगट धरून दांडा हलकेच फिरवून दाखवला. “मी गेल्यावर तुमचं चुकलं त लोकं म्हनतीन, मनसारामनं असंच शिकवलं. बस्, आता नीट फिरव. मंग जातो मी सुखानं.”

मला तो माणूस फार आवडायचा. हे त्याच्या तोंडावर सांगायची रीत नव्हती आमच्यात, म्हणून आज सांगते. त्या दिवशी मी दांडा सोडला आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, घंटी, कापूस. कापूस कुठला, तेही सांगितलं. साहेबांनी खुर्चीवरून उठून उशी हातात घेतली, दाबून पाहिली आणि हसायलाच लागले. मी काही हसले नाही. मग तेही थांबले.

“म्हणजे रीत सगळ्यांना येते,” ते म्हणाले. “आणि कापूस निघाला, आता काम पळेल. मग मनसारामजींना मी इथं कशाच्या नावानं ठेवू, बाई? दया म्हणून ठेवलं तर त्यांनाच चालणार नाही.”

हे खरंच होतं. माझी नजर त्यांच्या टेबलावर गेली. तिथं सिंदेवाहीकडच्या एका मोठ्या तलावाचा कागद होता. तुकडे जोडून जोडून तो केवढा झाला होता! टेबलावरून खाली, तिथून दारापर्यंत. धोतर वाळत घातल्यासारखा. आमच्यातला एक जण त्या कागदाशी दोन दिवस झटून हरला होता. वरचा आकडा खाली आणेपर्यंत मधल्या घड्यांमध्येच हरवायचा.

साहेबांनीही तिकडंच पाहिलं. “याचंच कोडं पडलंय मला. लहान तलावाला त्रिकोण थोडे, तिथं मूळ जागेवर मांडलेलं बरं. पण एवढ्या मोठ्याला दर त्रिकोणापाशी सगळ्या पायऱ्या मांडत गेलो, तर कागद आवरत नाही.”

“मग मोठ्याला नका मांडू ना, साहेब,” मी म्हटलं. “तिथं नुसतं नाव लिहा. पहिल्यासारखं.”

साहेब हातातल्या उशीला थापट्या मारत राहिले.

“तुम्ही मग लहान मुळंही घेऊन जाल त्यांच्याकडं.”

“नाही जाणार.”

“कशावरून?”

“घंटी वाजते आता. त्यांना ऐकू येईल, ते आम्हाला हाकलून देतील.”

साहेबांनी लाल पेन्सिल काढली. मोठ्या तलावांचे कागद वेगळे केले, पुन्हा आखायला घेतले, आणि मुळाच्या पायरीपाशी आपल्या हातानं लिहिलं, ‘मूळ – मनसाराम’. सिरोंच्याला दुसरंच कुणी गेलं.

“मग टेबल राहिलं?” कुंतानं विचारलं. चहा कधीच गार झाला होता.

“राहिलं. मोजणी संपेपर्यंत राहिलं. मग खोलीच मोडली, माझं लग्न झालं, मनसाराम आपल्या गावी वैनगंगेवर गेला. पुन्हा भेट नाही. पण मला सांग, तुझ्या त्या कंपायलरात एखाद्याला ठेवायचं असेल तर?”

“ठेवता येतं, आजी. याला जागेवर उतरवू नकोस, बोलावूनच घे, असं सांगावं लागतं. एक ओळ लिहायची.”

“मग लिहीत जा की,” मी म्हटलं. “एका ओळीनं हात झिजतात का तुझे?”

ती हसली. मला मात्र तो लाल पेन्सिलीचा पहिला दिवस आठवत होता.

त्या दिवशी सिंदेवाहीच्या तलावाचा आखूड झालेला कागद माझ्याकडं आला होता. पहिला त्रिकोण करून मी लाल अक्षरांपाशी पोचले. चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि उठले. मी कोपऱ्याकडं निघाले तशा खोलीतल्या चक्क्या एकेक करून थांबल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मनसारामनं चिठ्ठी घेतली. आकडा पाहिला. मग माझ्या टेबलाकडं मान वळवली, जणू तिथून काही ऐकू येतं का पाहत होता.

“तुह्या चक्कीवर काढून पाह्यलं का?”

“नाई, भाऊ.”

“पक्कं?”

“मार्कंडदेवाची आन.”

त्यानं आपली चक्की पुढं ओढली आणि दांडा धरला. सावकाश, नेहमीसारखा, कुणाच्या बापाची घाई नसल्यासारखा तो फिरवत राहिला. मी टेबलाला टेकून उभी होते. घंटी वाजली. तो एक फेरा मागं आला, पुढच्या घरात सरकला, पुन्हा घंटी, पुन्हा एक मागं. शेवटी त्यानं चिठ्ठीवर मूळ लिहिलं आणि पुडीत हात घातला. हंगाम संपत आला होता, टेंभरं सुरकुतली होती. त्यातली त्यात बरी दोन निवडून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.

“बस ना वो जराशी,” तो म्हणाला. “तुह्या मुखरूचा ताप उतरला का?”

मुखरूचा ताप जाऊन महिना होऊन गेला होता. घरात आता तो नुसता हुंदडत असायचा.

“उतरला, भाऊ,” मी म्हटलं, आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.